गावात सायकल बँक चालवतोय, आता पुढचा पैसा कुठून उभा करायचा?

वाडीवरच्या_बाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलवर शिकवते. आजूबाजूच्या चार वाड्यांवरून पोरी येतात, सगळ्यात लांबची वाडी साडेपाच किलोमीटर. सकाळची एसटी कशीतरी मिळते पण संध्याकाळची चुकली की पुढची सातला, म्हणजे थंडीत अंधारच, त्यामुळे शेवटच्या तासाला निम्मा वर्ग दप्तर भरून दाराकडे बघत बसलेला असतो. आणि गेल्या दोन वर्षांत आठवीतून नववीत जाताना तीन मुली सुटल्या. घरी जाऊन विचारलं तर कारण एकच, जायचं कसं आणि यायचं कसं.

मग आम्ही तिघी शिक्षिकांनी आणि गावातल्या एका सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी मिळून मागच्या जूनमध्ये सुरुवात केली. लोकांच्या गोठ्यात, माळ्यावर पडलेल्या सायकली मागून आणल्या, नऊ मिळाल्या, त्यातल्या सहा काकांनी चालू करून दिल्या. काकांनी मजुरी घेतली नाही, टायर-ट्यूब आणि छर्रे यांचे पैसे आम्ही घातले. सहा मुलींना त्या वापरायला दिल्या, दहावी झाली की परत करायची ह्या बोलीवर.

पुढे जे झालं ते आम्ही ठरवलेलंच नव्हतं. एका मुलीची आई म्हणाली मला पण शिकवा. आता दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर सात-आठ बायका येतात, त्यात आमच्या गावच्या आशा सेविका ताई आहेत, बचत गटातल्या आहेत, एक तर पंचावन्नच्या आहेत, त्यांना डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून चालायला सांगितलं होतं पण गुडघ्यामुळे चालवत नाही, सायकल मात्र जमते म्हणतात. त्या पहिल्यांदा मैदानाला एक फेरी मारून आल्या तेव्हा खाली उतरून रडायला लागल्या. मी पण.

शिवाय शाळेत एक मुलगा आहे ज्याचा एक पाय अधू आहे, आणि एक मुलगी आहे जिला फार कमी दिसतं. दोघं मैदानाच्या कडेला बसून बघत असतात. त्यांना बाजूला ठेवून हे काम पुढे न्यायचं नाही एवढं आमचं पक्कं आहे.

आता प्रश्न पैशाचा. अंदाज असा की ३० सायकली, मुलासाठी काहीतरी तीनचाकी, मुलीसाठी जोडसायकल म्हणजे दोघांनी मागे-पुढे बसून चालवायची टॅन्डम, आणि काकांना महिन्याला काहीतरी ठरलेलं मानधन. सगळं मिळून तीन-साडेतीन लाख होतात. एका कंपनीच्या माणसाला भेटलो तर त्याने पहिला प्रश्न विचारला, १२ए, ८०जी, सीएसआर-१ आहे का (म्हणजे करसवलतीच्या आणि कंपनीचा पैसा घेण्यासाठी संस्थेला लागणाऱ्या नोंदण्या). आमच्याकडे साधी संस्थाही नाही. दुसऱ्या एकांनी वीस सायकली देतो म्हणून सांगितलं पण प्रत्येक सायकलवर स्वतःचा फोटो लावायचा आणि कार्यक्रम ते म्हणतील त्या तारखेला, आम्ही नको म्हटलं. सरकारी योजनेची चौकशी केली, मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात पण ते १२५ तालुक्यांपुरतंच आहे आणि आमचा तालुका त्यात बसत नाही.

कोणी असं काम केलंय का? कुठून सुरू करू?

चेनकव्हर

ताई, आधी मनापासून अभिनंदन. मी विदर्भात एका मित्रमंडळाबरोबर सहा वर्षं हेच करतोय म्हणून जे चुकलं ते आधी सांगतो.

आम्हाला पहिल्याच वर्षी देणगीतून २५ नव्या सायकली मिळाल्या. मोठा कार्यक्रम झाला, हार-तुरे, फोटो. पाऊस संपला तेव्हा मी वाड्यांवर फिरलो तर २५ पैकी ११ सायकली भिंतीला टेकलेल्या. कुणाचं पंक्चर, कुणाची चेन गंजलेली, एकीचं तर नुसतं ब्रेकचं रबर गेलेलं. पंक्चर काढायचं तर आठ किलोमीटरवर तालुक्याला जायचं आणि सायकल न्यायची कशी, तर बापाच्या गाडीवर, आणि बापाला वेळ नाही. म्हणजे तीसेक रुपयांच्या कामासाठी पाच-साडेपाच हजाराची सायकल पडून आणि पोरगी परत पायी. मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं, कारण देणाऱ्याचा दोष नव्हता, आम्हीच कधी मागितलं नव्हतं. आम्ही सायकली मागितल्या, सायकली मिळाल्या.

तेव्हापासून आमचा नियम, कोणीही सायकल देतो म्हटलं की आम्ही सांगतो सायकलीबरोबर तिचा तीन वर्षांचा सांभाळही द्या. ट्यूब, टायर, वर्षातून एकदा पूर्ण खोलून ओव्हरहॉलिंग, आणि मिस्त्रीची मजुरी. बरेच जण कुरकुरतात, काही सोडून जातात, पण जे राहतात ते वर्षानुवर्षं राहतात. तुमच्याकडे ते काका आहेत ही तुमची सगळ्यात मोठी पुंजी आहे. त्यांचं मानधन यादीत शेवटी टाकलंयत ते पहिल्या ओळीत आणा. फुकट काम त्यांनी एक वर्ष केलं, दुसऱ्या वर्षी ऊस नाहीतर मुलीचं लग्न निघालं की ते येऊ शकणार नाहीत आणि त्यांचं चुकणार पण नाही.

आणि प्रत्येक मुलीला पंक्चर काढायला शिकवा. टबमध्ये पाणी, ट्यूब दाबून बुडबुडे बघायचे, घासायचं, सोल्युशन, ठिगळ. आमच्याकडे आता नववीच्या मुली सातवीच्या मुलींना शिकवतात. पंप आणि पान्ह्यांचा एक संच प्रत्येक वाडीवर एका घरात ठेवा, शाळेत ठेवून उपयोग नाही.

वहीसुद्धा ठेवा, आत्तापासून. कोणती सायकल कुणाकडे, किती दिवस बंद होती, कशामुळे, आणि त्या मुलीची हजेरी आधी किती होती आणि आता किती. पुढे पैसे मागायला जाल तेव्हा कार्यक्रमाच्या फोटोपेक्षा ही वही जास्त बोलते.

ताळेबंद

मी सीए आहे, छोट्या संस्थांची कामं बघतो. थोडं कागदोपत्री सांगतो.

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च, कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नेटवर्थ किमान ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असेल तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. तुमचं काम कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, सहज बसतं, शिक्षण, प्रतिबंधात्मक आरोग्य, स्त्री-पुरुष समानता, दिव्यांगांसाठीचं शिक्षण, कुठूनही धरा. मला विचाराल तर मुलींचं शिक्षण हे मुख्य धरा आणि बायकांचं आरोग्य त्याला जोडून, सगळंच एकदम मांडलं की वाचणारा गोंधळतो.

आता अडचण. कंपनी तुमच्यासारख्या बाहेरच्या संस्थेमार्फत काम करते तेव्हा त्या संस्थेची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, सीएसआर-१ भरलेला हवा (हे एप्रिल २०२१ पासून), आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे आज नवी संस्था काढलीत तरी मोठ्या कंपनीचा पैसा तीन वर्षं लांब आहे. म्हणून पहिला प्रश्न, तुमची शाळा ज्या शिक्षण संस्थेची आहे तिच्याकडे हे कागद आहेत का? बऱ्याच जुन्या संस्थांकडे १२ए, ८०जी असतंच. असेल तर काम त्यांच्या नावाने करा पण सायकल बँकेचा हिशोब वेगळा ठेवायचा, असा कार्यकारिणीचा लेखी ठराव आधी करून घ्या. तोंडी नको, माणसं चांगली असली तरी पदाधिकारी बदलतात.

दुसरी गोष्ट, तुमच्या भागात साखर कारखाना असणार आणि लोक सांगतील कारखान्याचा सीएसआर घ्या. सहकारी कारखाना ही कंपनी नाही, त्याला कलम १३५ लागूच होत नाही. खाजगी असेल तर लागू. सहकारी कारखाना, पतसंस्था, दूध संघ हे नफ्यातून धर्मादाय कामाला पैसे बाजूला काढू शकतात, त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, म्हणून त्यांच्याकडे सभेच्या आधी जायचं. सभा झाल्यावर गेलात तर पुढच्या वर्षीचं ऐकून परत याल.

अजून एक. कोणीतरी सुचवेलच की सायक्लोथॉन घ्या, कंपनी स्पॉन्सर करेल. मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जात नाहीत असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ लाच स्पष्ट केलंय. तो पैसा कंपनीच्या जाहिरात खात्यातून येतो, मग बॅनर तिचा, टीशर्ट तिचे, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या काकांच्या मानधनाचा प्रश्न तसाच.

ग्रामसभा_साडेदहा

मी ग्रामसेवक आहे (दुसऱ्या जिल्ह्यात). ताई तुम्ही लांब बघताय, पैसे तुमच्या गावातच आहेत थोडे तरी.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. लहान गावाचं उत्पन्नच कमी त्यामुळे रक्कम फार मोठी नसते पण ती दरवर्षी येते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी मार्च आला की घाईघाईत काहीतरी वस्तू घेऊन वाटून टाकतात कारण चांगला प्रस्तावच कोणी दिलेला नसतो. तुम्ही द्या. चार वाड्या वेगवेगळ्या ग्रामपंचायतींत असतील तर चारही ठिकाणी द्या, प्रत्येकी पाच सायकली म्हटलं तरी वीस झाल्या.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तिथे रविवारच्या तुमच्या सगळ्या बायका जाऊ द्यात आणि विषय त्यांनीच मांडू दे. तुम्ही मांडलात तर बाईंचं काम होईल, त्यांनी मांडला तर गावाचं होईल. पुढच्या वर्षीच्या विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतं, त्यात ओळ घालून घ्या, एकदा आराखड्यात आलं की मागे लागायला आधार मिळतो.

त्या मुलाच्या तीनचाकीसाठी मात्र देणगी मागू नका, तो त्याचा हक्क आहे. ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, केंद्राच्या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या अ‍ॅडिप योजनेत तीनचाकी मिळते, कानपूरची अ‍ॅलिम्को ही सरकारी कंपनी बनवते, जिल्ह्यात शिबिरं लागतात तिथे मोजमाप घेतात. खासदार निधीतूनही दिव्यांगांना तीनचाकी देता येते. फक्त मिळते ती बहुतेक वेळा हाताने चालवायची असते, वाडीचा चढ असेल तर आधी मुलाला घेऊन चालवून बघा.

टेम्सकाठची

मी मूळची कऱ्हाडची, आता बारा वर्षं लंडनमध्ये. वाचून राहवलं नाही.

माझा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी. त्याला सायकल चालवता येईल हे मला कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. इथे दक्षिण लंडनमध्ये व्हील्स फॉर वेलबीइंग नावाची संस्था आहे, २००७ पासून. त्यांच्याकडे तऱ्हेतऱ्हेच्या सायकली आहेत, तीन चाकांच्या, हाताने चालवायच्या, दोघांनी शेजारी शेजारी बसून चालवायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या बाईंनी त्याला काय जमत नाही हे विचारलंच नाही, कुठली सायकल आवडली एवढंच विचारलं. तो आज अकरा वर्षांचा आहे आणि आठवड्यातून एक दिवस त्याचा असतो.

पैशाबद्दल, इथे लॉटरीच्या पैशातून छोट्या गटांना ३०० ते २०,००० पौंडांपर्यंत मदत मिळते, आणि अशा पैशात माणसांचा पगार आणि प्रशिक्षण पण मागता येतं, नुसत्या वस्तू नाही, त्यामुळे चेनकव्हर दादा म्हणतात तो मुद्दा मला फार पटला. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये ११ भागांत डॉक्टरांनी चालणं आणि सायकल लिहून द्यायचा प्रयोग सुरू केला, सरकारने त्याला १२.७ दशलक्ष पौंड दिले. तुमच्या त्या साखर वाढलेल्या मावशी आल्या ना डोळ्यासमोर. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एकदा रविवारी मैदानावर बोलवा, बायकांची साखर आणि बीपी दर तीन महिन्यांनी मोजून वहीत लिहून दिलं तरी केवढं होईल.

आणि मला पैसे पाठवायचेत. आम्ही इथे सात-आठ मराठी कुटुंबं आहोत, खाते नंबर कळवा.

ताळेबंद

टेम्सकाठची ताई, तुमची इच्छा मोठी आहे पण थांबा, आणि वाडीवरच्या बाई तुम्ही पण, इथे चूक झाली तर महागात पडते.

ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, त्यांचा पैसा परदेशी धरला जातो आणि तो घ्यायला संस्थेची एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. तेव्हा आठ कुटुंबांत कोण कुठल्या पासपोर्टवर आहे ते आधी बघा. आणि बाईंच्या वैयक्तिक खात्यात तर कोणीच पाठवू नका, गावातलं कोणीही नाही, परदेशातलं कोणीही नाही.

टेम्सकाठची

बरं झालं सांगितलंत, हे अजिबात माहीत नव्हतं. आमच्यात तीन कुटुंबं भारतीय पासपोर्टवर आहेत, मी नाही. मग त्या तिघांना सांगते, आणि मी इथल्या संस्थेत विचारून टॅन्डम चालवायला शिकवण्याबद्दल जे कळेल ते मराठीत लिहून पाठवते, त्याला तर नोंदणी लागणार नाही ना.

अर्धी_पायडल

मी अर्थशास्त्र शिकवतो. कोणी विचारलं सायकलीने खरंच फरक पडतो का तर हे सांगा. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलसाठी २००० रुपये द्यायला सुरुवात केली. मुरलीधरन आणि प्रकाश ह्या अभ्यासकांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून मोजलं, तर हायस्कूलला नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं. जिथे हायस्कूल तीन किलोमीटर किंवा जास्त लांब होतं तिथे परिणाम जास्त दिसला, म्हणजे नेमकी तुमची साडेपाच किलोमीटरची वाडी. प्रस्तावात पहिली ओळ त्या वाडीची टाका.

बायकांसाठी तमिळनाडूतलं पुदुक्कोट्टई. १९९१ च्या सुमारास तिथे साक्षरता मोहीम चालू होती, जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत होत्या, त्यांनी साक्षरतेलाच सायकल जोडली. लाखाहून जास्त बायका शिकल्या. मला त्यातली पैशाची बाजू फार महत्त्वाची वाटते, सायकली फुकट वाटण्यावर भर नव्हता, बायकांना सायकल घ्यायला बँकांनी कर्ज द्यावं हे बघितलं गेलं. तुमच्याकडे बचत गट आहेतच, अंतर्गत कर्जातून एखादी बाई सायकल घेऊ शकते, ती तिच्या नावाची राहील. लेडीज सायकल मिळत नाही म्हणून अडू नका, तिथे कित्येक बायकांनी मुद्दाम जेन्ट्स सायकल घेतली, पुढच्या दांडीवर पोराला बसवता येतं म्हणून.

उसाचा_रस्ता

सगळं वाचलं, एकच गोष्ट कोणी बोललं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तुमच्या रस्त्यावर ऊस वाहणारे ट्रॅक्टर चालू होतील, मागे दोन दोन ट्रॉल्या, बऱ्याच जणांना मागे दिवा नाही. माझ्या सख्ख्या चुलतभावाला असाच अपघात झाला, सायकलवरच होता, म्हणून लिहितोय. प्रत्येक सायकलला पुढे दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर, चाकांना रिफ्लेक्टर आणि दप्तरावर चमकणारी पट्टी हे सायकलच्या किमतीतच धरा, नंतर बघू म्हणून सोडू नका. आणि कारखान्याकडे देणगी मागायला जाल तेव्हा त्यांच्याकडून पैशाआधी हे मागा की तुमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लागेल आणि शाळा सुटायच्या अर्ध्या तासात वाहनं गावाबाहेर थांबतील. पोरी एकेकट्या नको, वाडीवार जथ्थ्याने जाऊ देत, पुढे एक मोठी मुलगी आणि मागे एक.

वाडीवरच्या_बाई

काय बोलू. चार दिवसांत एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आजच मुख्याध्यापकांशी बोलले, आमच्या शिक्षण संस्थेकडे १२ए आणि ८०जी दोन्ही आहे, सीएसआर-१ नाही पण ते भरू म्हणाले. ठरावाचा मसुदा करायला बसतोय, ताळेबंद दादा तुम्हाला व्यक्तिगत संदेश पाठवलाय, जमेल तेव्हा नजर टाका. तोपर्यंत कोणाकडूनही रोख घेत नाही.

काकांचं मानधन पहिल्या ओळीत आणलं. त्यांना सांगितलं तर आधी नकोच म्हणाले, मग म्हणाले पैसे देणारच असाल तर मला एक चाक सरळ करायचा स्टँड घेऊन द्या, रिंग आऊट झालेली हाताने करताना डोळे दुखतात. तो यादीत टाकलाय. रिफ्लेक्टर आणि दिवे पण टाकलेत, त्यामुळे ३० च्या २४ सायकली झाल्या, पण त्या २४ रस्त्यावर राहतील.

महिला सभेत विषय मांडायला पंचावन्नच्या मावशी तयार झाल्यात. म्हणाल्या बोलायचं काय ते मी बघते, तुम्ही फक्त सायकल सभेच्या दारापर्यंत चालवत न्यायला द्या.

एक अजून अडलंय. टॅन्डम नवी घ्यायची तर परवडत नाही. पुण्यात अ‍ॅडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरियर्स फाउंडेशनने अंध आणि डोळस लोकांना टॅन्डमवर बरोबर नेलंय हे माहितीय, त्यांना पत्र लिहितेच आहे. पण काका म्हणतात दोन जुन्या जेन्ट्स सायकली मिळाल्या तर वेल्डिंग करून मी जोडून बघतो. कोणी अशी जोडलेली सायकल स्वतः वापरलीय का? मधली नळी कुठली घ्यावी आणि मागच्या चाकाला किती स्पोक लागतात, आणि मुख्य म्हणजे ब्रेक पुरतो का, कारण आमच्या वाडीवरून खाली येताना दीड किलोमीटर सलग उतार आहे आणि मागच्या सीटवर ती मुलगी असणार आहे.

चेनकव्हर

ताई, वेल्डिंगची जोडसायकल सपाट मैदानावर ठीक आहे, त्या उतारावर नका नेऊ. आमच्या मिस्त्रीने एक केली होती, दोघांच्या वजनाने महिन्याभरात मधला जोड तडकला, नशिबाने मैदानात होती. काकांना माझा नंबर व्यक्तिगत संदेशात देतोय, आमच्या मिस्त्रीशी थेट बोलू देत. तोवर मुलीला रविवारी मैदानावर बसवा, पण मागे नुसती बसवू नका, तिच्या पायाखाली पायडल असू दे.